मुंबई विद्यापीठ: तुमचं काम नेमकं कुठल्या दारात?

कोकणकन्या पहाटे सीएसएमटीला लागली आणि मी खुशीत उतरलो. हातात प्लास्टिकची फाइल, खिशात आईने दिलेले भाजके शेंगदाणे, आणि डोक्यात एकच हिशेब: विद्यापीठ फोर्टात, स्टेशनपासून फोर्ट चालत पंधरा मिनिटं, म्हणजे दुपारी काम उरकून रात्रीच्या गाडीने परत कणकवली. राजाबाई टॉवर समोर दिसला तेव्हा तर वाटलं, पोचलोच.

गेटवरच्या सुरक्षारक्षकाने फाइलकडे बघितलं. "काय काम?"

"मार्कशीटवर नाव दुरुस्त करायचंय."

"परीक्षा भवन. कलिनाला."

"हे विद्यापीठ नाही का?"

"हे पण आहे. ते पण आहे. तुमचं काम तिकडं आहे."

त्यांचं बरोबरच होतं. चूक माझी, मी पत्ता न वाचता निघालो होतो. कोकणकन्या दादरलाही थांबते. तिथे उतरलो असतो तर अर्धा दिवस वाचला असता. पुढे कलिनातच एमए केलं, गावाकडच्या दहा-बारा पोरापोरींची कामं करून दिली, तेव्हा कळलं की जवळजवळ प्रत्येकाची पहिली फेरी वाया जाते, कारण 'विद्यापीठ कुठे आहे' हा प्रश्नच चुकीचा असतो. 'माझा कागद कोणाकडे आहे' हे विचारायला हवं. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

१. थोडा इतिहास, कारण तो कामाचा आहे

इतिहास वगळून थेट कागदपत्रांच्या यादीवर जायचा मोह होईल. जाऊ नका. विद्यापीठ असं विखुरलेलं का आहे, हे कळलं की कुठे जायचं ते पाठ करावं लागत नाही.

१८५४ च्या चार्ल्स वुडच्या शिक्षणविषयक खलित्यातून हिंदुस्थानात विद्यापीठं काढायचं ठरलं आणि १८५७ मध्ये तीन निघाली: जानेवारीत कलकत्ता, १८ जुलैला मुंबई, सप्टेंबरात मद्रास. उत्तरेत उठाव पेटलेला असताना इकडे मुंबईत विद्यापीठाचा कायदा होत होता. नमुना घेतला लंडन विद्यापीठाचा. म्हणजे काय, तर विद्यापीठाने स्वतः शिकवायचं नाही. शिकवणार कॉलेजं. विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची, पदवी द्यायची. त्यामुळे सुरुवातीला त्याला स्वतःची इमारतही नव्हती, टाउन हॉलमधून काम चालायचं. १८६२ साली पहिले बीए बाहेर पडले तेही असेच, इमारतीशिवाय: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. पहिल्याच तुकडीत रानडे आणि भांडारकर! पुढच्या तुकड्यांवर केवढं दडपण आलं असेल.

परीक्षा घेणारं विद्यापीठ म्हटल्यावर त्याचा पसाराही अफाट. सिंध, गुजरात, पुणे, धारवाड, सगळं एकाच छत्राखाली. गांधीजींनी १८८७ साली मॅट्रिक दिली ती मुंबई विद्यापीठाचीच, केंद्र मात्र अहमदाबाद. विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी शिकल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. मग एकेक प्रदेश वेगळा होत गेला. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये झालं, त्याच सुमाराला गुजरात आणि कर्नाटकातली झाली. गोव्यातली कॉलेजं मुक्तीनंतर मुंबईला जोडली होती, तीही १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ झाल्यावर गेली. आज उरलेत सात जिल्हे: मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. नकाशावर ही डहाणूपासून बांद्यापर्यंतची लांबलचक पट्टी आहे, आणि तिचं मुख्यालय पट्टीच्या मध्यावरसुद्धा नाही. नाव 'युनिव्हर्सिटी ऑफ बॉम्बे'चं 'युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई' झालं ते १९९६ साली. जुन्या दाखल्यांवर 'बॉम्बे' दिसलं तर दचकू नका, विद्यापीठ तेच.

शिकवायला विद्यापीठाने नंतर सुरुवात केली. १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग निघाला, देशातला पहिला, पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली. विभाग वाढले, फोर्टात जागा पुरेना, म्हणून सत्तरच्या दशकात बरेच विभाग सांताक्रूझ पूर्वेला कलिनातल्या नव्या जागेत, विद्यानगरीत, गेले.

आता यातून कामाचं काय? तुम्ही कॉलेजात शिकत असाल तर विद्यापीठाच्या दृष्टीने तुमचा दरवाजा म्हणजे तुमचं कॉलेज. हे १८५७ पासून असंच आहे. ज्यांना विद्यापीठ स्वतः शिकवतं, त्यांचा दरवाजा म्हणजे त्यांचा विभाग किंवा उपपरिसर. परीक्षेचा कागद परीक्षा भवनात. फोर्टात कुलगुरू, कुलसचिव आणि प्रशासन. विद्यार्थ्याला तिथे जावं लागण्याची वेळ क्वचित येते.

२. तुमचं कॉलेज मुंबई विद्यापीठाचंच आहे ना?

हसू नका. मुंबईत किंवा कोकणात आहे म्हणून ते मुंबई विद्यापीठाचं असेलच असं नाही. प्रवेशाआधी हे तपासा:

- वैद्यकीय, दंत, नर्सिंग, आयुर्वेद: नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ.
- कृषी, कोकणात: दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ.
- इंजिनीअरिंग: काही कॉलेजं मुंबई विद्यापीठाची, काही लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाची. एकाच गावातली दोन कॉलेजं दोन वेगळ्या विद्यापीठांची असू शकतात.
- मुलींची काही कॉलेजं: एसएनडीटी. हे धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ मध्ये काढलेलं स्वतंत्र विद्यापीठ आहे, मुंबई विद्यापीठाची शाखा नाही.
- दक्षिण मुंबईतली काही जुनी, नावाजलेली कॉलेजं: एल्फिन्स्टन आणि सिडनहॅम आता डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात आहेत, तर एचआर आणि केसी एचएसएनसी विद्यापीठात. तुमच्या काकांची डिग्री मुंबई विद्यापीठाची असेल, तुमची नसेल.

आणखी एक गोंधळ 'ऑटोनॉमस' शब्दाचा. स्वायत्त कॉलेज विद्यापीठातून बाहेर पडलेलं नसतं. अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजची, पदवी विद्यापीठाची. म्हणजे मार्कशीटची तक्रार घेऊन परीक्षा भवनात गेलात तर ते तुम्हाला परत कॉलेजातच पाठवणार.

३. पत्ते, आणि तिथे पोचायचं कसं

फोर्ट. महात्मा गांधी रस्ता आणि ओव्हल मैदानाच्या मध्ये, शेजारी हायकोर्ट. चर्चगेटहून ओव्हल ओलांडून दहा मिनिटं, सीएसएमटीहून पंधरा. आता हुतात्मा चौकाचं मेट्रो स्टेशनही जवळ आहे. गावाकडून येणाऱ्यांसाठी: दक्षिण मुंबईत रिक्षा चालत नाहीत. शोधत बसू नका. चाला, बस पकडा किंवा टॅक्सी करा.

चर्चगेट. जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था विद्यापीठाचीच, १९६५ ची, पण ती फोर्टच्या आवारात नाही. चर्चगेट स्टेशनच्या जवळ वेगळी इमारत आहे. मुलाखतीचं पत्र असेल तर इमारतीचा पत्ता वाचा, 'मुंबई विद्यापीठ' एवढंच वाचून निघू नका.

कलिना (विद्यानगरी). निम्म्याहून जास्त लोकांचं काम इथेच असतं. आवार दोनशे एकरांहून मोठं आहे. पश्चिम रेल्वेने आलात तर सांताक्रूझला उतरा, पूर्वेला बाहेर पडा, वाकोल्याच्या बाजूने रिक्षा किंवा बस. चर्चगेटहून फास्ट लोकल पकडू नका, ती वांद्र्याहून थेट अंधेरीला जाते आणि सांताक्रूझ खिडकीतून दिसतं तेवढंच. मध्य किंवा हार्बर रेल्वेवाल्यांनी कुर्ल्याला उतरून पश्चिमेला यावं, तिथून बस आणि शेअर रिक्षा दोन्ही मिळतात. कोकणातून येणाऱ्यांना दादर किंवा ठाण्याला उतरून कुर्ला गाठणं सगळ्यात सोपं. रिक्षावाल्याला 'युनिव्हर्सिटी' म्हणू नका. 'युनिव्हर्सिटी, परीक्षा भवन' म्हणा, नाहीतर तो कुठल्यातरी एका गेटवर सोडेल आणि तुम्ही झाडांच्या सावलीतून वीस मिनिटं चालत राहाल. सावली चांगली आहे, पण खिडकी बंद व्हायची वेळ कोणासाठी थांबत नाही.

ठाणे. उपपरिसर बाळकुमला, ठाणे स्टेशनपासून बराच लांब. पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम इथे चालतो. कल्याण. पश्चिमेला खडकपाड्याच्या बाजूला, अभियांत्रिकी आणि उपयोजित विज्ञानाचं केंद्र.

रत्नागिरी. मिरजोळे एमआयडीसीत. शहरातून निघत असाल तर रेल्वे स्टेशनच्या दिशेने यायचं, स्टेशनवरून येत असाल तर शहरात जाऊन परत फिरायचं नाही. स्टेशन आणि शहर यांत पाच-सहा किलोमीटरचं अंतर आहे, आणि नवखा माणूस सवयीने आधी बस स्टँड गाठतो. सावंतवाडी. सिंधुदुर्गाचा उपपरिसर. 'सावंतवाडी रोड' स्टेशन गावात नसून मळगावात आहे, तेव्हा गाडी सुटायच्या वेळेचा हिशेब त्याप्रमाणे धरा.

रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या विद्यार्थ्यांना माझं आग्रहाचं सांगणं: मुंबईची गाडी पकडण्याआधी जवळच्या उपपरिसरात एक फोन करा. सगळी कामं तिथे होत नाहीत, पण तुमचं काम तिथे होतं की नाही हे तिथले कर्मचारी बरोबर सांगतात. साडेतीनशे किलोमीटर येऊन 'हे रत्नागिरीतही झालं असतं' असं ऐकलेला माणूस मी पाहिला आहे. त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

४. कोणतं काम कोणाकडे

- प्रवेश, नावनोंदणी, परीक्षेचा अर्ज, हॉल तिकीट, बोनाफाईड, शिष्यवृत्तीच्या अर्जाची पडताळणी: कॉलेज. विद्यापीठात जाऊ नका.
- विभागातल्या एमए, एमएस्सीचा प्रवेश आणि वर्ग: विभागाचं कार्यालय. भाषांचे विभाग कलिनात रानडे भवनात बसतात, मराठीही तिथेच.
- निकाल राखीव राहणं, मार्कशीटमधली चूक, पुनर्मूल्यांकन: मामला परीक्षा भवनाचा, म्हणजे कलिनातल्या महात्मा जोतिराव फुले भवनाचा. पण अर्ज बहुतेक वेळा कॉलेजमार्फतच जातो. कॉलेजचं पत्र सोबत नसेल तर खिडकीवर पहिला प्रश्न तोच येतो.
- दूरस्थ शिक्षण: १९७१ पासून चालत आलेली सोय. लोक अजून 'आयडॉल' म्हणतात, आता नाव दूरस्थ व ऑनलाइन शिक्षण केंद्र. कलिनात, शंकर दयाळ शर्मा भवनात.
- दुसऱ्या बोर्डातून किंवा विद्यापीठातून आलात: एलिजिबिलिटी, म्हणजे प्रवेशाची पात्रता तपासणं. सोबत आधीच्या बोर्डाचं किंवा विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं. महाराष्ट्र बोर्डातून बारावी करून इथेच पहिल्या वर्षाला आलेल्यांना ही डोकेदुखी नाही.
- एलएलबी, बीएड, एमबीए, इंजिनीअरिंगचा प्रवेश: यांची सीईटी आणि प्रवेशफेऱ्या राज्याचा सीईटी सेल चालवतो. विद्यापीठाच्या खिडकीवर याबद्दल विचारण्यात अर्थ नाही, मग खिडकी कुठल्याही आवारातली असो.

५. फाइल अशी बांधा

मूळ कागद एका प्लास्टिकच्या पाकिटात, झेरॉक्स दुसऱ्यात. प्रत्येकाचे तीन संच, त्यातला एक स्वतः सही करून साक्षांकित.

- दहावी आणि बारावीची मार्कशीट, प्रमाणपत्रं
- शाळा सोडल्याचा दाखला (लिव्हिंग, टीसी, काहीही म्हणा)
- आधार, आणि आधारशी जोडलेलं बँक खातं. महाडीबीटीची शिष्यवृत्ती याशिवाय जमा होत नाही
- डोमिसाईल
- जातीचा दाखला, लागू असेल तर व्हॅलिडिटी आणि नॉन-क्रिमीलेअर. नॉन-क्रिमीलेअरवर मुदत छापलेली असते, बहुतेक ३१ मार्चची. ती बघा, दाखला कधी काढला ते बघत बसू नका
- उत्पन्नाचा दाखला
- मध्ये एखादं वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र
- एबीसी आयडी, म्हणजे तुमची शैक्षणिक क्रेडिट्स जमा होतात त्या खात्याचा क्रमांक. डिजिलॉकरमधून दहा मिनिटांत निघतो, पण डिजिलॉकरमधलं नाव आणि मार्कशीटवरचं नाव जुळलं पाहिजे
- दूरस्थ शिक्षण घेणार असाल तर यूजीसीचा डीईबी आयडीसुद्धा
- पासपोर्ट फोटो, मोजून सांगितले असतील त्याच्या दुप्पट

दोन सूचना, ज्या कुठल्याही माहितीपत्रकात नसतात. मूळ मार्कशीट लॅमिनेट करू नका. पुढे परदेशी जायचं झालं आणि कागदावर शिक्का हवा झाला की तो चकचकीत प्लास्टिकवर बसत नाही. आणि पावसाळ्यात कलिनाला येताना फाइल झिप असलेल्या पिशवीत घाला. मिठी नदी जवळच आहे, जुलैतल्या दुपारी कलिनाजवळच्या सीएसटी रोडवरून गुडघाभर पाण्यातून चालायची वेळ येते आणि छत्री फक्त डोक्यापुरती पुरते.

६. ऑनलाइन नोंदणी: इथे घाई करू नका

प्रवेशाआधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. ती झाली म्हणजे प्रवेश झाला, असा समज दरवर्षी शेकडो घरांत होत असावा, कारण मला दरवर्षी असे चार-पाच फोन येतात. नोंदणी ही फक्त रांगेतली चिठ्ठी. त्यानंतर कॉलेजचा किंवा विभागाचा वेगळा अर्ज, मग गुणवत्ता यादी, मग ठरलेल्या दिवसांत फी. यादीत नाव आल्यावर दोन दिवस गावाला गेलात तर जागा गेली.

पुढे तुम्हाला १६ अंकी पीआरएन, म्हणजे कायम नोंदणी क्रमांक, मिळेल. तो वहीच्या पहिल्या पानावर, मोबाइलमध्ये आणि आईच्या मोबाइलमध्येही लिहून ठेवा. पदवी घेऊन बाहेर पडल्यावर वीस वर्षांनीही तुमची ओळख तोच आकडा सांगणार आहे.

आणि आता नाव. माझ्या मार्कशीटची कथा इथलीच.

विद्यापीठाच्या नोंदीत क्रम असा असतो: आडनाव, तुमचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव. आईचं फक्त पहिलं नाव. आमच्याकडे मागच्या पिढीत लग्नात मुलीचं नाव बदलत असत. माझ्या आईचं माहेरचं नाव शालिनी, सासरचं वासंती. शाळेच्या दाखल्यावर वासंती. मी सायबर कॅफेत बसून नोंदणीचा अर्ज भरला तेव्हा मामाकडे राहत होतो, तिथे दिवसरात्र 'शालू, शालू' चालायचं. मी शालिनी लिहिलं. सहा सेमिस्टर शालिनी छापून आलं, माझ्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या वर्षाच्या मार्कशीटची दहावीच्या मार्कशीटशी पहिल्यांदा पडताळणी झाली आणि खिडकीतल्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारलं, "ह्या दोघी कोण?"

म्हणून: अर्ज भरताना समोर दहावीची मार्कशीट ठेवा आणि एकेक अक्षर बघून नक्कल करा. घरात काय म्हणतात ते विसरा. 'व्ही' की 'डब्ल्यू', एक 'ए' की दोन, सगळं दहावीप्रमाणे. मुलींनो, शिकत असताना लग्न झालं तरी विद्यापीठातलं नाव मध्येच बदलायला जाऊ नका. बदलायचंच असेल तर राजपत्रात छापून आणावं लागतं आणि त्यानंतरचा प्रत्येक कागद त्याच्याशी जुळवावा लागतो. चूक पहिल्या सेमिस्टरला सापडली तर कॉलेजातच मिटते, तिसऱ्या वर्षाला सापडली तर गाडीचं तिकीट काढावं लागतं.

७. कलिनातला दिवस

सकाळी खिडकी उघडायच्या आधी पोचा. गेटवर ओळखपत्र दाखवावं लागतं. इमारत सापडली की आधी फलक वाचा. कामाप्रमाणे खिडक्या वेगळ्या असतात, आणि सगळ्यात लांब रांग तुमचीच असेल असं नाही. माझ्यासारखे कित्येक जण पहिल्या दिसलेल्या रांगेत उभे राहतात, कारण रांग दिसली की उभं राहायची आपल्याला सवय.

खिडकीवर बोलणं असं करा: पीआरएन, परीक्षेचं वर्ष आणि सत्र, काम एका वाक्यात, कॉलेजचं पत्र पुढे. गाडी किती उशिरा आली, कुठून आलात, हे नंतर. अर्ज दिलात की पोच घेतल्याशिवाय हलू नका. शिक्का, तारीख, आवक क्रमांक. पोचेचा फोटो तिथेच काढा. दुसऱ्या खेपेला तुम्ही कोण हे कोणाला आठवणार नाही, आवक क्रमांक मात्र लगेच सापडतो.

मधल्या वेळेत जेवायला बाहेर जाऊ नका, आवारातल्या कँटीनमध्येच खा. वेळ उरला तर जवाहरलाल नेहरू ग्रंथालय बघा. तिथे बसून मी एमएचा निम्मा अभ्यास केला.

८. परीक्षा झाल्यावर

निकाल लागला आणि गुण अपेक्षेपेक्षा कमी वाटले तर आधी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवा, मग पुनर्मूल्यांकनाचा निर्णय घ्या. मुदत मोजक्या दिवसांची असते आणि ती निकालाच्या तारखेपासून धावू लागते, मार्कशीट हातात पडल्यापासून नाही. एटीकेटी लागली, म्हणजे काही विषय राहिले, तर परीक्षेचा अर्ज पुन्हा भरावा लागतो. आपोआप काही होत नाही.

पदवी प्रमाणपत्र मार्कशीटपेक्षा वेगळं. दीक्षान्त समारंभानंतर ते साधारण कॉलेजमार्फत मिळतं, आणि कॉलेजात जाऊन ते घ्यायचं राहून गेलेले लोक मला पन्नाशीतले भेटले आहेत. परदेशी अर्जासाठी ट्रान्स्क्रिप्ट (सगळ्या सत्रांच्या गुणांचा एकत्र उतारा) लागते, दुसऱ्या विद्यापीठात जायचं असेल तर मायग्रेशन. दोन्हींसाठी अर्ज करण्याआधी कॉलेजला विचारा, कारण स्वायत्त कॉलेजांत वाट थोडी वेगळी असते. नोकरीचा जॉइनिंगचा दिवस ठरल्यावर धावाधाव करू नका. शेवटच्या निकालाच्या महिन्यातच अर्ज टाका.

'कामं करून देतो' म्हणणारे लोक गेटच्या आसपास भेटतील. पैसे त्यांना देऊ नका. फी भरायची ती ऑनलाइन किंवा चलनाने, आणि पावती तुमच्या नावाची.

९. आणि एकदा फोर्टला, कामाशिवाय

इतकं 'फोर्टला जाऊ नका' म्हटल्यावर हे सांगायला हवं. एक दिवस कुठलाही कागद न घेता जा. ओव्हलच्या बाजूने उभं राहिलात की डावीकडे ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर, उजवीकडे दीक्षान्त सभागृह. दोन्हींचे आराखडे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे. ते मुंबईत कधी आलेच नाहीत, लंडनमध्ये बसून काढले. सभागृहासाठी कावसजी जहांगीर रेडीमनींनी एक लाख दिले, ते १८७४ मध्ये पुरं झालं. टॉवर १८७८ चा, ८५ मीटर उंच, दोन लाख प्रेमचंद रायचंद यांचे, नाव त्यांच्या आईचं. आईची दृष्टी गेली होती, जैन धर्माप्रमाणे सूर्यास्ताआधी जेवायचं, आणि वेळ कळावी म्हणून मुलाने घड्याळाचे टोल बांधून दिले, अशी गोष्ट सांगतात. २०१८ पासून हा सगळा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. आत सोडतील की नाही हे त्या दिवशीच्या रक्षकावर अवलंबून, पण ओव्हलवरून बघायला कोणाची परवानगी लागत नाही.

दुरुस्त मार्कशीट हातात आली तेव्हा मी आईला तिथेच घेऊन गेलो होतो. टॉवरला राजाबाईंचं नाव कसं पडलं ते सांगितलं. तिने मान वर करून घड्याळ बघितलं, मग पिशवीतली मार्कशीट मागितली, चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचलं. "वासंती," म्हणाली. "आणि शालिनी कुठं गेली?"